गंज परवडला, पॉलिश नको

(छऱ्याच्या जुन्या बंदुकांच्या संग्रहाविषयी इंदूरमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. हल्ली भेटणारा प्रत्येक नवा संग्राहक आधी एकच तक्रार करतो, भाव फार चढलेत. खरंच चढलेत. पूर्वी इथे इंदुरात सियागंजच्या बाजूला जुन्या लोखंडी मालात, किंवा जवळच्या महू छावणीतल्या एखाद्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं की, छऱ्याची बंदूक अगदी किरकोळ पैशांत मिळून जायची. आता तोच दुकानदार आधी मोबाइल काढतो, विलायतेतली किंमत बघतो आणि पौंडांचे रुपये करून सांगतो. ती किंमत मूळ अवस्थेतल्या, चालू बंदुकीची असते. त्याच्या हातातल्या सांगाड्याची नसते. हे त्याला शांतपणे समजावून सांगता आलं, तर निम्मी घासाघीस तिथेच संपते.

भाव का चढले ते नीट बघू. एक तर माल घटतोय. वेब्ली या इंग्लिश कंपनीचं बर्मिंगहॅममधलं उत्पादन २००५ मध्ये बंद पडलं. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीस एअरगनला, म्हणजे छऱ्याच्या बंदुकीला, परवाना सक्तीचा झाला, तेव्हा लोकांनी हजारो बंदुका पोलिसांकडे जमा केल्या. त्यांत किती जुन्या इंग्लिश बंदुका, बीएसए आणि वेब्ली, कायमच्या गेल्या असतील, या विचारानं मला आजही हळहळ वाटते. आपल्याकडे परदेशी बंदूक मागवणं सोपं नाही, त्यामुळे जे पूर्वी आलं तेच हातोहात फिरतंय. त्यात १९७२ चा वन्यजीव कायदा आला, पाखरं मारणं गुन्हा ठरलं, आणि ते योग्यच झालं. घरोघरच्या बंदुका माळ्यावर गेल्या आणि काही तिथेच सडल्या. मग २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रांनी दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण मिळवलं, आणि लोकांनी माळ्यावरची ती वस्तू पुन्हा खाली काढली. ज्यांनी लहानपणी मामाच्या घरी डायना ही जर्मन छऱ्याची बंदूक हाताळली होती, ते आज साठीत आहेत आणि त्यांच्या हातात पैसा आहे.

इथपर्यंत ठीक. मला खरी काळजी वेगळीच आहे. चढत्या भावानं बंदुकांचंच नुकसान चाललंय. विकणाऱ्याला वाटतं, चकचकीत केली की जास्त पैसे मिळतील. तो ती बफिंगच्या चाकावर धरतो, काळा रंग मारतो, लाकडी दस्ता घासून त्यावर वॉर्निश चढवतो. जर्मनीत रास्टाटला बनलेली डायना २७ घ्या. नळकांड्यावर डायना देवीची मुद्रा असते, देवीनं धनुष्य टाकून दिलंय आणि बंदूक उंच धरली आहे. मागच्या बाजूला, दस्त्याला लागून, बारीक आकड्यांत महिना आणि साल ठोकलेलं असतं. बफिंगच्या चाकाखाली पहिल्यांदा जातात ते हेच आकडे, मग देवीचा चेहरा. गंज तेल आणि बारीक लोखंडी लोकरीनं थांबवता येतो. घासून गेलेलं अक्षर कोणत्याच उपायानं परत येत नाही. म्हणून मी धुळीनं माखलेली, तपकिरी पडलेली, पण कुणी हात न लावलेली बंदूक आधी उचलतो. आजच्या बाजारात स्वस्त माल तिथेच आहे, कारण दिसायला ती वाईट असते आणि गिऱ्हाईक चमक बघून दुसरीकडे वळतं.

हात न लावलेली आहे हे ओळखायचं कसं? अक्षरांच्या कडा बोटाला बोचल्या पाहिजेत. स्क्रूच्या खाचा सरळ हव्यात. चावल्यासारख्या दिसल्या की समजा, कुणी तरी चुकीच्या पेचकसानं ती उघडली होती. लाकूड आणि लोखंड जिथे मिळतात तिथे बोट फिरवा. मुळात लाकूड लोखंडाच्या बरोबरीला किंवा केसभर वर असतं. ते खाली गेलं असेल तर दस्ता घासलेला आहे. मग नळीवरून एका डोळ्यानं बघा. या बंदुकांची नळी छर्रा भरायला खाली वाकवून उघडतात. नळी वरच्या बाजूला वाकलेली असेल तर कुणी तरी ती उघडी असताना चाप ओढलेला आहे. स्प्रिंगच्या जोरानं नळी आपटून बंद होते आणि वाकते. असा सौदा मी सहसा सोडून देतो.

‘हिच्यात दम नाही, छर्रा चार हातांवर पडतो’ असं कुणी म्हणालं तर मात्र मन घट्ट ठेवून भाव विचारा. जुन्या बंदुकांत पिस्टनचा वॉशर चामड्याचा असतो. वर्षानुवर्षं माळ्यावर पडून तो सुकतो, हवा निसटते. हवेच्या भोकातून तेलाचे दोन-चार थेंब सोडायचे, नळीचं तोंड वर करून बंदूक रात्रभर उभी ठेवायची, आणि बऱ्याचदा ती पुन्हा खणखणीत मारते. नाहीच मारली तर वॉशर किंवा स्प्रिंग नवी बसते. डायना २७ किंवा ३५ स्वतः उघडायचा मोह मात्र आवरा. तिच्या चापाच्या यंत्रणेत तीन बारीक पोलादी गोळ्या असतात. त्यातली एक जरी पलंगाखाली घरंगळली तरी ती बंदूक भरवशाची राहत नाही.

डायना म्हणवणाऱ्या सगळ्या बंदुका जर्मन नसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर डायनाचं नाव आणि यंत्रसामग्री ब्रिटिशांकडे गेली, आणि मिलब्रो या कंपनीनं स्कॉटलंडमधल्या मदरवेलला डायना बनवायला घेतल्या. पुढे जर्मन कारखाना पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्याला ब्रिटनमध्ये ‘ओरिजिनल’ या नावानं माल विकावा लागला. मिलब्रोची बंदूक वाईट नाही, पण तिला जर्मनचा भाव देऊ नका.

आता बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या भोकाच्या मापाचा प्रश्न. आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पॉइंट १७७ इंचापेक्षा, मोठ्या बोअरच्या किंवा २० जूलपेक्षा जास्त जोराच्या एअरगनला परवाना लागतो. बीएसएनं लिंकन जेफ्रीजच्या पेटंटवर १९०५ पासून ज्या रायफली काढल्या, त्यांत एक नंबर बोअर म्हणजे पॉइंट १७७, दोन नंबर म्हणजे पॉइंट २२ आणि तीन नंबर म्हणजे पॉइंट २५. ‘अस्सल इंग्लिश, अर्ध्या भावात’ म्हणून समोर येणारी बीएसए बऱ्याचदा दोन नंबरची असते, आणि ती विनापरवाना घरात ठेवणं गुन्हा आहे. नंबर बघा, शंका असेल तर पैसे देण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा.

आणखी एक, हे मी आग्रहानं सांगतो. रामबागेतल्या एका घरी एक काकू मला म्हणाल्या, “ह्यांची बंदूक आहे, पडूनच आहे, पाचशे द्या आणि न्या.” बघितली तर जर्मन डायना ३५, महिना-सालाच्या आकड्यांसकट. मी म्हटलं, “काकू, पाचशेत मी नेणार नाही. हिची किंमत बरीच जास्त आहे. आधी मुलाला विचारा, ठेवायची असेल तर मी तेल घालून देतो.” त्यांनी ती नातवासाठी ठेवली. घासाघीस दुकानदाराशी जरूर करावी, तो रोज तेच करतो. ज्याला आपल्या घरातल्या वस्तूची किंमत ठाऊक नाही, त्याच्याकडून कवडीमोलानं उचललेल्या मालाला मी चांगला सौदा म्हणत नाही.

या टेबलावर तीन बंदुका ठेवल्या आहेत, तिन्ही पॉइंट १७७, तिन्ही रिकाम्या. एक घासलेली, एक गंजलेली, एक मिलब्रोची. कुठली कुठली ते मी सांगणार नाही, तुम्ही बोट फिरवून सांगा. फक्त कुणी नळी उघडली तर दुसऱ्या हातानं ती धरून ठेवा, आणि चापाला कुणीही हात लावू नका.