आधी लाकडाची ओल विचारा, मग जात

नमस्कार. कोरीव काम शिकू पाहणारा कुणीही वखारीत गेला की पहिलं विचारतो, ‘सागवान आहे का?’ त्यात नवल नाही. नाशिकच्या सराफ बाजारातल्या सरकारवाड्याचे खांब, जुन्या वाड्यांच्या हस्तांवरची, म्हणजे खांबांच्या माथ्यावरच्या टेकूंवरची केळफुलं, हे सगळं आपण सागातच बघत आलो. सुरगाणा-पेठकडचं रानही सागाचं. त्यामुळे नाशिककराला लाकूड म्हटलं की साग आठवतो.

वाड्याला साग योग्यच होता. तो अंगचा तेलकट, वाळवी त्याच्या नाराला, म्हणजे आतल्या पक्क्या लाकडाला सहसा लागत नाही, आणि पावसाळ्यात फुगणं, उन्हाळ्यात आकसणं हे इतर लाकडांपेक्षा कमी. पण खांबावरचं कमळ दहा हातांवरून बघायचं असतं. वीतभर मूर्तीची पापणी कोरताना तोच साग त्रास देतो. त्याची छिद्रं मोठी, रेषा ठळक. बारीक कडेचा कण उडून जातो. शिवाय सागात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार लवकर मरते. नव्या हाताला धार लावण्याची सवय नसते, मग तो जोर लावतो आणि पटाशी सटकते.

शिकणाऱ्याला मी शिवण देतो. फिकट, हलकी, पटाशीखाली लोण्यासारखी नाही पण समजूतदार. आणि एकदा नीट वाळली की जागची फारशी हलत नाही. अगदी बारीक काम असेल तर काळा कुडा. चन्नपट्टणची लाकडी खेळणी त्याचीच. सावंतवाडीच्या रंगीत खेळण्यांना पांगारा, कारण तो हलका आणि रंगाखाली झाकला जाणारा. शिसम देखणा, पण कठीण. वर्षभर हात बसल्यावर घ्या. चंदनाबद्दल एवढंच, की कायदेशीर कागद असल्याशिवाय त्याला हात लावू नका.

आता खरं सांगायचं ते हे. जातीपेक्षा ओल मोठी. माझ्या उमेदवारीच्या काळात गल्लीत कडुनिंबाचा एक वठलेला फाटा उतरवला होता. हातभर ओंडका मी घरी आणला. साल काढली, चैत्रात विठ्ठल कोरायला घेतला. मुकुट झाला, चेहरा झाला, महिना त्यात गेला. वैशाखातल्या एका दुपारी जेवताना आतल्या खोलीतून काठी मोडल्यासारखा आवाज आला. जाऊन बघतो तर कपाळापासून छातीपर्यंत चीर, बोटाचं नख आत जाईल एवढी. मला रडू आलं होतं.

निंबाचा त्यात दोष नव्हता. पुरीच्या जगन्नाथाची मूर्ती निंबाचीच असते. २०१५ साली नवकलेवर, म्हणजे जुन्या मूर्तीच्या जागी नवी बसवायचा विधी झाला तेव्हाही नवी मूर्ती निंबाचीच घडली. चूक माझी दुहेरी होती. एक, फाटा वठलेला दिसला तरी ओंडका आतून ओला होता. दोन, त्याचा मधला गाभा मूर्तीच्या पोटात तसाच होता. वाळताना लाकूड वलयांच्या दिशेने जास्त आकसतं, गाभ्याकडे त्याच्या साधारण निम्मं. बाहेरचा घेर लहान व्हायला बघतो, आतला गाभा त्याला होऊ देत नाही. मग घेर कुठेतरी फाटतोच. म्हणून ओंडका मधोमध उभा चिरून गाभा काढून टाकायचा, किंवा मूर्ती मागून पोकळ करायची. जर्मनीतल्या रीमेनश्नायडर या मूर्तिकाराच्या काळातले कारागीर लिंडेन नावाच्या तिकडच्या झाडाच्या लाकडाच्या मूर्ती मागून अशाच कोरून काढत. तो वारला १५३१ साली, पण त्या मूर्ती अजून आहेत.

ओल घालवायची आणि ओळखायची कशी? ओंडक्याची दोन्ही टोकं मेणाने बंद करा, कारण पाणी तिथूनच सर्वांत वेगाने निघतं आणि टोकं आधी तडकतात. सावलीत, हवा खेळेल असा ठेवा. जाडीच्या इंचाला एक वर्ष हा सुतारांचा ढोबळ हिशोब. पण तुकडा लहान असेल तर त्याचं दर आठवड्याला वजन करा आणि त्याच्या अंगावरच पेन्सिलीने लिहा. ओळीने चार-पाच आठवडे आकडा उतरला नाही, की घ्या कामाला. आणि हे उन्हाळ्यात तपासा. आपल्याकडे श्रावणात हवाच इतकी दमट असते, की वजन थांबलं तरी लाकूड वाळलंय असं समजू नये.

पाडलेल्या वाड्याची तुळई मिळाली तर मात्र सोडू नका. इतकं मुरलेलं लाकूड विकत मिळत नाही. फक्त खिळे आधी शोधा, लोहचुंबक फिरवून.

दुसरी गोष्ट रेषेची, म्हणजे लाकडाचे तंतू ज्या दिशेने धावतात तिची. विठ्ठलाचे हात कटावर असतात. कोपर आणि कंबर यांच्यामधली जागा आरपार कोरली, की कोपराजवळ रेषा आडवी तुटते आणि तिथेच हात मोडतो. ती जागा खोल करा, आरपार करू नका. कृष्णाची बासरी तर मूर्तीतून काढूच नये. वेगळ्या काडीची, लांब रेषेची करून बसवावी. गणपतीची सोंड उभ्या रेषेत आपोआप बळकट होते, म्हणून नवशिक्यांनी गणपती आधी करावा.

समोर शिवण, साग आणि निंब यांचे तुकडे ठेवलेत, प्रत्येकावर वजनाच्या नोंदी आहेत. पटाश्यांना सकाळीच धार लावली आहे. दोघंदोघं पुढे या. आधी शिवणीवर चालवा, मग लगेच सागावर.