जिना, मोटर आणि किरायेदार

आपल्या नागपुरात निवृत्तीचा पैसा हाती आला की माणूस एक तर मुलीचं लग्न करतो, नाहीतर घरावर माळा चढवतो. मी दोन्ही केलं. मानेवाड्याला माझं तीन माळ्यांचं घर आहे. त्यात सहा बिऱ्हाडं किरायानं राहतात, सातवं आमचं. मी वकील नाही, बिल्डरही नाही. बावीस वर्षांत जे अंगावर आलं तेवढंच आज इथे तुम्हा घरमालकांपुढे सांगतो.

गेटवर ‘किरायाने देणे आहे’ ही पाटी लावेपर्यंतचा हिशेब सगळ्यांनी केलेला असतो. सहा ब्लॉक गुणिले आठ हजार. पण घरं सहा झाली तरी पाण्याची मोटर एकच असते, जिना एकच, गटाराची लाइन एकच. माझी जवळजवळ सगळी भांडणं या एकेकट्या वस्तूंवरून झाली, किरायावरून फार थोडी. म्हणून आता माझा नेम असा आहे की जे वाटून देता येतं ते पुरतं वाटून द्यायचं, आणि जे वाटता येत नाही ते मालकानं आपल्या अंगावर घ्यायचं.

विजेचंच बघा. सुरुवातीला माझ्याकडे एकच मीटर होतं, आत सबमीटर. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याचे आहेत: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा. चार बिऱ्हाडांनी नव्वद-नव्वद युनिट जाळले, तर वेगवेगळ्या मीटरवर चौघंही पहिल्या टप्प्यातच राहतात. एका मीटरवर तेच ३६० होतात आणि त्यातल्या २६० युनिटांना वरचे दर लागतात. हा जादा पैसा कोणी भरायचा? ज्याच्याकडे फ्रिज आहे त्यानं, की ज्याच्याकडे पाहुणे आले होते त्यानं? दर महिन्याला माझ्या व्हरांड्यात पंचायत बसायची. शेवटी प्रत्येक ब्लॉकला स्वतंत्र मीटर घेतलं. मोटर आणि जिन्याचे दिवे सातव्या मीटरवर टाकले. ते बिल माझं. किराया ठरवतानाच ते धरून चालतो, मागाहून कोणाकडे मागत नाही.

पाण्याचंही तसंच केलं. शहरी पाणीपुरवठ्याचं माप माणशी रोज १३५ लिटरचं आहे, म्हणजे चार जणांच्या घराला ५४० लिटर. गच्चीवर प्रत्येकाची हजार लिटरची वेगळी टाकी, वेगळा पाइप, वेगळा व्हॉल्व्ह. दुसऱ्या माळ्यावरच्यानं सकाळी दोन तास नळ सोडला तर त्याचीच टाकी रिकामी होते, शेजाऱ्याची नाही. एक लक्षात ठेवा: हजार लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचंच एक टन वजन. सहा टाक्या, सहा टन. प्लंबर पाइप जवळ पडेल तिथं टाकी ठेवतो, त्याचं ऐकू नका. टाक्या बीमवर, कॉलमजवळ बसवा, स्लॅबच्या मधोमध नको.

आता कूलर. पुण्या-मुंबईचे लोक किरायेदारीवर बोलतात तेव्हा हा विषयच नसतो, आणि आपल्याकडे मार्च ते जून दुसरा विषयच नसतो. मे महिन्यात मोठा डेझर्ट कूलर दिवसातून दोनदा पाणी मागतो. किरायेदार तो खिडकीच्या ग्रिलला तारेनं बांधतो, खाली भिंतीवर ओघळ येतात, पोपडे निघतात. मी प्रत्येक खिडकीबाहेर लोखंडी अँगलचं स्टँड स्वतः ठोकून दिलं आणि ओव्हरफ्लोचा पाइप खालपर्यंत आणला. खर्च झाला, पण भिंत वाचली.

भिंतीपेक्षा मोठी गोष्ट माणसाच्या जिवाची आहे. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून माणूस गेल्याची बातमी आपल्या भागात उन्हाळ्यात वाचायला मिळतेच. ओला पत्रा, ओले हात, अनवाणी पाय. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि एप्रिलमध्ये भेगाळते. ती सुकली की अर्थिंगही ढिलं पडतं. म्हणून उन्हाळाभर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहा आणि प्रत्येक ब्लॉकच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवा. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा मी स्वतः जाऊन दाबतो. किरायेदारावर सोडलं तर कोणी दाबत नाही, हा अनुभव आहे.

कागदाबद्दल. महाल भागातल्या आमच्या जुन्या घरासाठी वडिलांनी रेंट कंट्रोलरच्या कचेरीत चपला झिजवल्या. तेव्हा विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश चालायचा. किरायेदाराला घर सोडण्याची नोटीस द्यायची तरी आधी कंट्रोलरची परवानगी लागायची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि तो आदेश गेला. पण नव्या कायद्यातली एक गोष्ट आपल्या लोकांना अजून माहीत नाही. ‘अकरा महिन्यांचाच तर करार आहे, नोटरी केली की झालं’ असं म्हणतात. ते चूक आहे. कलम ५५ प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, लेखी पाहिजे आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरून वाद झाला की अटींबाबत किरायेदार म्हणेल ते खरं धरतात. उलट सिद्ध करणं तुमच्यावर.

खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क पाव टक्का. आठ हजार किराया, अकरा महिने आणि परत करायची वीस हजार अनामत धरली तर दोन-तीनशे रुपये, आणि महानगरपालिका हद्दीत नोंदणीचे एक हजार. आधार आणि अंगठा, घरबसल्या होतं. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरू देण्याच्या कराराची, मुदत संपूनही कोणी बसून राहिला, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी त्याला ठरलेल्या किरायाच्या दुप्पट रक्कम भरावी लागते.

मघाशी मी वेगळ्या व्हॉल्व्हचं कौतुक केलं. त्यात एक मोह आहे. किराया दोन महिने थकला की हात आपोआप व्हॉल्व्हकडे जातो. माझाही गेला होता, बायकोनं हाक मारून खाली बोलावलं. पाणी-वीज तोडणं गुन्हा आहे, आणि थकलेल्या किरायासाठी नोटिशीचा रस्ता आहे.

किरायेदार निवडताना आपल्या गावात फोनवरचा पहिला प्रश्न आडनावाचा असतो. मला त्याची लाज वाटते. मी विचारतो नोकरी कुठे, माणसं किती, कूलर किती.

मागून ताई विचारताहेत की जिना कोण झाडणार यावरून त्यांच्याकडे रोज कटकट असते. ताई, बाई लावा आणि पगार तुम्ही द्या. मी वर्षभर पाळ्या लावून पाहिल्या, सोमवार कोणाचा, मंगळवार कोणाचा. तो तक्ता जिन्याखाली अजून टांगलेला आहे. त्यावर आता सिलिंडरवाल्याचा नंबर लिहिलाय.