बालेवाडीची डबल्स

पुण्यात बालेवाडीला 2018 ते 2023 मध्ये पाच वेळा एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेची, टूर्नामेंट झाली, 2021 ला तेवढी कोरोनामुळे नाही झाली. चर्चा सगळी सिंगल्सची व्हायची. पण सिंगल्सच्या फायनलला एकदाही आपला माणूस पोचला नाही, आणि डबल्सच्या पाचपैकी तीन फायनलमध्ये आपलेच होते.

2019 ला रोहन बोपण्णा आणि दिविज शरण जिंकले, 6-3, 6-4, फार घाम न गाळता. खरी मॅच 2022 ची. बोपण्णा 41 वर्षांचा, जोडीला 27 चा रामकुमार रामनाथन, समोर ऑस्ट्रेलियाचे ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथ. पहिला सेट 6-6 होऊन टायब्रेकमध्ये, म्हणजे पॉइंट मोजून सेटचा निकाल लावणाऱ्या गेममध्ये, गेला आणि 10-12 असा हातातून निसटला.

आता इथे एटीपी टूरवरच्या डबल्सचे नियम बघा, किती कडक आहेत. गेममध्ये 40-40 झालं की अ‍ॅडव्हांटेज नाही, म्हणजे दोन पॉइंटची आघाडी लागत नाही, एकच पॉइंट, तो घेतला त्याचा गेम, आणि समोरून आलेली सर्व्ह कोणी परतवायची ते रिसीव्ह करणारी जोडी ठरवते. एकेक सेट झाला तर तिसरा सेट खेळतच नाहीत, थेट 10 पॉइंटचा टायब्रेक. म्हणजे दोन-तीन चुका झाल्या की सावरायला वेळच मिळत नाही.

आणि बघायचं असेल तर नुसत्या बॉलकडे बघू नका, सर्व्ह करणाऱ्याच्या पार्टनरकडे बघा, तो नेटजवळ वाकून उभा असतो आणि हात पाठीमागे नेऊन बोटांनी खुणा करतो, सर्व्ह कुठे टाक, मी पलीकडे धावणार की इथेच थांबणार, सगळं बॉल उडायच्या आधीच ठरलेलं असतं. मला तर डबल्समधलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

तर पहिला सेट गेल्यावर बोपण्णा-रामकुमारनी दुसरा 6-3 घेतला आणि टायब्रेक 10-6. महिनाभर आधी दोघांनी अ‍ॅडलेडलाही टायटल घेतलं होतं, म्हणजे पुण्याचं हे जोडीचं दुसरं!

2023 ला श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुंचेळियन फायनलला गेले, बेल्जियमच्या सँडर जिले आणि योरान व्लीगनकडून 6-4, 6-4 हरले. त्यानंतर ही टूर्नामेंट (एटीपी 250 दर्जाची) पुण्यातून गेली ती गेलीच. बालेवाडीत आता चॅलेंजर, म्हणजे तिच्या खालच्या पातळीची टूर्नामेंट होते, तिथे सिंगल्स झाल्यावर लगेच उठू नका, डबल्सला थांबा.