जिहाद, सब्र आणि हुदैबियाचा तह

(सातारा येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, जिहादवर बोलणारा वक्ता बहुधा सुरुवातीलाच ‘रणांगणावरचा जिहाद धाकटा आणि स्वतःच्या मनाशी केलेला थोरला’ हे प्रेषितांच्या नावावर चालणारे वचन सांगतो आणि श्रोतेही सुटकेचा श्वास टाकतात. मी त्याचा आधार घेणार नाही. कारण त्या वचनाची सनद, म्हणजे ते सांगत आलेल्यांची साखळी, कच्ची असल्याचा निर्वाळा हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या, जाणकारांनीच दिला आहे, आणि फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या, जुन्या ग्रंथांत जिहादचे प्रकरण मुख्यतः युद्धाच्या नियमांचे आहे, हे झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. अहिंसेला याहून पक्का आधार प्रेषितांच्या चरित्रातच सापडतो.

मक्केतल्या सुमारे 13 वर्षांत सुरुवातीच्या अनुयायांपैकी हजरत बिलाल यांना तापलेल्या वाळूवर पाडून छातीवर धोंडा ठेवला गेला, सुमय्या यांना ठार मारले गेले, तरी शस्त्र उचलण्याची परवानगी मिळाली नाही. कुरआनच्या आधारे ‘मोठा जिहाद’ करण्याची आज्ञा (25:52) याच मक्की काळातील सूरहमध्ये (अध्यायात) येते, म्हणजे मुसलमानांजवळ ना फौज होती ना सत्ता तेव्हा. पुढे लढण्याची मुभा मिळाली, ती ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना; आणि त्याच आयतांत (22:39-40) मशिदींच्या बरोबरीने मठ, चर्च आणि यहुद्यांची प्रार्थनास्थळे वाचवण्याचा उल्लेख आहे.

पण मला सर्वांत बोलका वाटतो तो 628 सालचा हुदैबियाचा तह. सुमारे 1400 साथीदारांसह उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, निघालेल्या प्रेषितांना मक्केतल्या कुरैश टोळीने वाटेत हुदैबिया येथे अडवले. तह लिहिताना कुरैशांचे प्रतिनिधी सुहैल बिन अम्र ‘अल्लाहचे रसूल’ या शब्दांवर अडून बसले: रसूल मानले असते, तर अडवले कशाला असते? ते शब्द खोडायला हजरत अली धजेनात, तेव्हा प्रेषितांनी ते स्वतः पुसले. तेवढ्यात सुहैलचाच मुलगा अबू जंदल बेड्या ओढत आसऱ्याला आला; मक्केहून पळून येणाऱ्याला परत करायचे, या तहातल्या अटीनुसार त्याला परत पाठवावे लागले. हजरत उमर संतापले. यात्रा इथेच संपवून कुर्बानी करा, डोकी मुंडवा, असे तीनदा सांगूनही कोणी जागचे हलेना. शेवटी पत्नी उम्मे सलमा यांच्या सल्ल्याने प्रेषितांनी कोणाशी न बोलता आधी स्वतःचे विधी उरकले, तेव्हा लोक उठले. (चरित्रकार या बाईंना एवढ्यातच उरकतात, ही माझी जुनी तक्रार.) अशा मानहानीच्या वाटणाऱ्या तहाला कुरआनने ‘उघड विजय’ म्हटले.

1929 साली खुदाई खिदमतगार ही अहिंसक संघटना उभारणाऱ्या खान अब्दुल गफार खानांनी घरोघरी बंदुका आणि पिढीजात वैरे असलेल्या पठाणांना हेच समजावले, की सब्र, म्हणजे धीराने सोसणे, हे मक्केतल्या प्रेषितांचे शस्त्र होते. 23 एप्रिल 1930 रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र जमावावर इंग्रज सरकारचा गोळीबार झाला. सातारकरांना हे परके वाटू नये: 9 सप्टेंबर 1942 रोजी वडूजच्या मोर्चावर गोळ्या चालल्या, परशुराम घार्गे पडले, आणि त्यानंतर याच जिल्ह्यात प्रतिसरकारने निराळी, शस्त्रांची वाट धरली. पेशावरला मात्र गोळीबारानंतर संघटना झपाट्याने वाढली आणि तिने अहिंसेची शपथ सोडली नाही.

हुदैबियानंतर दोनच वर्षांत दहा हजारांची फौज मक्केवर गेलीच ना, असे कोणी विचारील. गेली, कुरैशांच्या बाजूच्या टोळीने तह मोडला होता, आणि शहर हाती आल्यावर बहुतेकांना माफी मिळाली. प्रेषितांनी युद्ध सर्वथा वर्ज्य मानले असे गफार खानांनाही म्हणायचे नव्हते. त्यांचा दावा मर्यादित होता: हात न उचलता केलेल्या झगड्यातही मुसलमानाचे कर्तव्य पुरे होते, आणि त्याला पुरावा मक्केतलाच आहे.