एमडी: तोंडाला वास येत नाही, म्हणून घरात कळत नाही

नमस्कार. आज एमडीबद्दल बोलायचंय. म्हणजे मेफेड्रोन, नशेची पावडर, जिला पोरं 'म्याव म्याव' म्हणतात. हा व्हिडिओ आईबाबांसाठी आहे. आणि त्या मित्रांसाठीही, जे रात्री दोन वाजता घाबरून एकमेकांची तोंडं बघत बसतात.

'हे सगळं मुंबईतल्या बड्या पार्ट्यांमध्ये चालतं,' असं अजून तुमच्या घरात कोणी म्हणत असेल, तर ऐका. 2023 मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला. फेब्रुवारी 2024 मध्ये दौंड तालुक्यात, कुरकुंभ एमआयडीसीत, पुणे पोलिसांनी शेकडो किलो माल धरला. अफूला शेत लागतं, हंगाम लागतो. याला रसायनं आणि एक शेड पुरते.

आता शरीरात काय होतं ते बघू. मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन ही रसायनं असतात, उमेद आणि आनंद त्यांच्यावर चालतो. एमडी ती एकदम बाहेर ओतायला लावतं. महिन्याचा किराणा एका रात्रीत संपवावा, तसं. नाकाने ओढलेल्या पावडरीचा अंमल तास-दोन तासांत उतरतो आणि डबा रिकामा. मग जीव कासावीस होतो, म्हणून पावडरीची दुसरी लाइन, म्हणजे रेघ, मग तिसरी. मला सगळ्यात भीती वाटते ती याचीच. 'एकदाच घेतो' म्हणून बसलेला पोरगा त्याच रात्री चार-पाच वेळा घेऊन उठतो. प्रत्येक वेळी नाडी आणि रक्तदाब वाढतो, अंग तापतं. त्यात गर्दी, नाच, दारू. ताप फारच चढला तर स्नायू विरघळायला लागतात आणि किडन्या बंद पडू शकतात. तेही विशीतल्या धडधाकट मुलाच्या.

पुडीत नक्की काय आणि किती आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

घरात कळत का नाही? कारण तोंडाला वास येत नाही. आई दारात उभी राहून श्वास हुंगते आणि निर्धास्त झोपते. त्यापेक्षा हे बघा: दोन-दोन रात्री झोप नाही, जेवण नाही, दात सतत आवळलेले, गाल आतून चावलेले, नाकातून रक्त. आणि मग दिवसभर मेल्यासारखी झोप आणि कमालीची उदासी. काही मुलं पडदा सरकवून खाली कोण उभंय ते बघत राहतात, 'माझ्या मागावर माणसं आहेत' म्हणतात. अशा वेळी देवऋषी नको, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. उतरल्यानंतरच्या त्या उदासीत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात. त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नका, आणि तेव्हाच शिव्यांची लाखोली वाहू नका.

मित्रांनो, आता तुमच्यासाठी. कोणाचं अंग भाजतंय, छातीत दुखतंय, झटका आलाय, तो असंबद्ध बोलतोय, तर 'झोपला की उतरेल' म्हणू नका. 108 लावा. जागा हवेशीर करा, जादा कपडे काढा, ओल्या फडक्याने अंग पुसा. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा. बाटल्याच्या बाटल्या पाणी पाजू नका, रक्तातलं सोडियम घसरून मेंदूला सूज येऊ शकते. हेरॉइनवर नॅलोक्सोन हा उतारा आहे, एमडीला तसा उतारा नाही. डॉक्टर ताप, झटके, रक्तदाब आवरतात, आणि त्यासाठी वेळ हातात लागतो.

'पोलीस येतील' या भीतीने उपचार लांबवू नका. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम 64अ मध्ये, अगदी थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, फोन फुकट. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय.

आणि दवाखान्यात पोहोचलात की डॉक्टरांना तीन गोष्टी खऱ्या सांगा: एमडी घेतलंय, शेवटचं किती वाजता घेतलं, आणि सोबत दारू किंवा गोळ्या होत्या का.