आत गेलंच नव्हतं, तरी दिवस जातात का?

(कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून)

तुमच्या चिठ्ठ्या मी वाचल्या. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांमध्ये प्रश्न एकच आहे, फक्त शब्द वेगवेगळे. कोणी लिहिलंय "आम्ही सगळं केलं नाही, वरवरच होतो", कोणी लिहिलंय "कपडे अंगावर होते पण पाळी चार दिवस लांबलीये, मी रात्रभर झोपले नाहीये". ओपीडीत अशा मुली आल्या की त्यांच्या हाताला घाम आलेला असतो, आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत घाबरण्यासारखं काहीच झालेलं नसतं, फक्त शरीरात काय होतं हे कोणी कधी नीट सांगितलेलं नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर आधी आत काय होतं ते बघू. दिवस जायला ताजं, ओलं वीर्य योनीत किंवा निदान योनीच्या तोंडाशी पोचावं लागतं. तिथून स्पर्म गर्भाशयाच्या मुखातून वर जातात, गर्भनलिकेत पोचतात, आणि तिथे त्यावेळी स्त्रीबीज हजर असावं लागतं. बीज बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, पण स्पर्म आत गेल्यावर ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून बीज सुटण्याच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, हे खरे जोखमीचे. त्या दिवसांत अंगावरून जाणारं पाणी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं चिकट, ताणलं जाणारं असतं आणि स्पर्मना त्यातून पोहणं सोपं जातं. पण पाळी मागेपुढे होत असेल तर कॅलेंडरवर बोट ठेवून "आज सेफ आहे" असं म्हणू नका, बीज कधी सुटेल ते आधी सांगता येत नाही.

आता तुमचे प्रश्न. किस केल्याने, मिठी मारल्याने, दोघांच्या अंगावर कपडे असताना जवळ आल्याने दिवस जात नाहीत. ओरलने जात नाहीत, वीर्य गिळलं तरी नाही, कारण पोटातून गर्भाशयाकडे जायला रस्ताच नाहीये. टॉयलेट सीट, टॉवेल, स्विमिंग पूल, यातलं काहीही नाही. कपड्यावर किंवा हातावर वीर्य वाळलं की त्यातले स्पर्म मेलेले असतात.

पण "आत गेलं नाही म्हणजे शंभर टक्के सेफ" हेही खरं नाहीये, आणि इथे मला जरा थांबायचंय. कपडे काढून बाहेरच्या बाहेर घासलं आणि वीर्य योनीच्या तोंडाशी पडलं, किंवा वीर्य लागलेली ओली बोटं लगेच आत गेली, किंवा मागच्या बाजूने, म्हणजे गुदद्वारातून, संबंध झाला आणि वीर्य ओघळून पुढे आलं, तर शक्यता कमी असते पण शून्य नसते. योनिपटल शाबूत असलेल्या बाईला दिवस गेल्याच्या केसेस वैद्यकीय नोंदींत आहेत, कारण त्या पडद्याला मुळातच छिद्र असतं, पाळीचं रक्त तिथूनच तर येतं. आणि वीर्याच्या आधी जो चिकट थेंब येतो, मुलं त्याला प्रीकम म्हणतात, त्याचं काय? २०११ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात २७ पुरुषांचे नमुने तपासले, त्यातल्या ११ जणांच्या त्या थेंबात स्पर्म सापडले. म्हणजे सगळ्यांच्या थेंबात स्पर्म नसतात, पण आपल्या थेंबात आहेत का नाहीत हे कोणालाच कळत नाही, त्यामुळे "मी वेळेत बाजूला झालो" यावर भरवसा ठेवू नका, बाहेर बाहेर असलात तरी कॉन्डोम सुरुवातीपासून घाला. हर्पिस आणि एचपीव्ही हे व्हायरस तर नुसत्या त्वचेच्या स्पर्शानेही पसरतात, ती काळजी दिवस जाण्यापेक्षा वेगळीच.

वीर्य तोंडाशी पडलंच तर बाहेरून साध्या पाण्याने धुवा, आत पाणी मारून काही उपयोग नाही, उलट इन्फेक्शन होऊ शकतं. ७२ तासांच्या आत लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची गोळी घ्यायची, मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळते, जितकी लवकर तितकी चांगली. ही गोळी बीज सुटणं पुढे ढकलते, गर्भपात करत नाही. पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवली तर ती गोळीपेक्षाही खात्रीची. पण नुसती मिठी मारली म्हणून भीतीपोटी गोळी घेणाऱ्या मुली मी बघते, एका महिन्यात तीन-तीन वेळा, आणि मग त्या गोळीनेच पाळी लांबते, की परत भीती. पाळी तर परीक्षेच्या टेन्शनने, जागरणाने, वजन कमी-जास्त झाल्याने, थायरॉइड, पीसीओडीनेही लांबते.

एक सांगते, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मासिक चालवून हे सगळं मराठीत लिहिलं, त्यासाठी कोर्टकचेऱ्या सोसल्या. शंभर वर्षं उलटली तरी तुम्हाला हा प्रश्न नाव न घालता चिठ्ठीवर लिहावा लागतो, याचा मला राग येतो.

दिवस गेलेच तर लपून कुठल्या तरी काढ्याच्या, पपईच्या मागे लागू नका. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फेल गेल्याचं कारण लग्न न झालेल्या बाईलाही लागू होतं. अठरा पूर्ण असतील तर फक्त तुमची संमती लागते, आईवडिलांची किंवा नवऱ्याची सही लागत नाही, आणि डॉक्टरने नाव गुप्त ठेवायचं असतं.

शेवटची चिठ्ठी एका मुलाची आहे. "दहा दिवसांनी टेस्ट केली, निगेटिव्ह आली, पण ती अजून रडतेय." अरे, दहाव्या दिवशीची निगेटिव्ह पक्की धरता येत नाही, टेस्ट जे शोधते ते प्रेग्नन्सीचं हार्मोन लघवीत तोपर्यंत पुरेसं आलेलं नसू शकतं. संबंधानंतर २१ दिवस झाले की सकाळच्या पहिल्या लघवीवर परत करायची, थेंब टाकून पाकिटावर लिहिलेली मिनिटं थांबायचं, दुसरी रेघ पुसट आली तरी ती पॉझिटिव्हच. किट तू स्वतः जाऊन आण, तिला मेडिकलच्या काउंटरवर उभं करू नकोस. आणि रेघा बघताना तिला चालणार असेल तर बरोबर थांब.