जुनं चित्र कुणाचं? आधी त्याची पाठ दाखवा

नमस्कार मंडळी. चवथीची साफसफाई सुरू झाली की तुमचे मेसेज येतात. "माळ्यावर चित्र सापडलंय, कुणाचं असेल?" सोबत एकच फोटो, समोरून, फ्लॅश मारलेला. मंडळी, मला चित्राची पाठ हवी.

सोपं ते आधी उरकू. चित्र छापील आहे का? चेहऱ्यावर भिंग धरा. बारीक ठिपके दिसले तर छाप. रविवर्मा प्रेस 1894 साली मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. तशा काही छापांवर कॅनव्हासची वीण उठवून वर वार्निश लावलेलं असतं, त्यामुळे हाताला तैलचित्रच वाटतं. छापखान्याचं नाव तळाशी असतं, बरेचदा फ्रेमखाली दडलेलं.

हातानं रंगवलेलं निघालं? मग खाली मऊ चादर घाला आणि अलगद पालथं करा. खिळे आहेत की स्टेपलच्या पिना? कॅनव्हासवर शिक्का आहे? 'विन्सर अँड न्यूटन' असेल तर पुढे 'लिमिटेड' आहे का बघा. कंपनी 1882 मध्ये लिमिटेड झाली, म्हणजे तो कॅनव्हास त्याआधीचा नाही. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या वेबसाइटवर असे शिक्के पत्त्यांसकट, सालवार दिलेत. मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर 'नोव्हा गोवा' आहे? पणजीला ते नाव 1843 मध्ये मिळालं. पण चिठ्ठी फ्रेमची असेल तर साल फ्रेमचं, चित्राचं नव्हे.

आता माझा खरा राग. फोंड्याकडे एका घरी नऊवारीतल्या बाईंचं सुरेख पोर्ट्रेट पाहिलं. नथीच्या मोत्यावर पांढऱ्या रंगाचा एकच ठिपका, असा दिलेला की मोती ओला वाटावा. सही कुठेच नाही. घरातल्या आजी म्हणाल्या, "मागे कागद होता रे, मोडीत लिहिलेला." फ्रेम बदलताना दुकानदारानं जुनी फळी कागदासकट फेकून दिली आणि नवा प्लाय ठोकला. त्या बाई कोण, कुणी काढलं, सांगणारं एकच काही होतं, तेच गेलं. फ्रेम बदला, माझं काही म्हणणं नाही. पण फळी, खिळे, कागदाचे कपटे सगळं पिशवीत घालून परत मागून घ्या. आणि दुकानात नेण्याआधी पाठीचे फोटो काढा!

कुणीतरी लिहिलंय, "सही स्पष्ट आहे, मग पाठ कशाला?" कारण सही मागाहूनही घालता येते. भिंगातून बघा. जुन्या रंगाला तडे असतात. सहीचा रंग त्या तड्यांत उतरलेला दिसला, तर ती तडे गेल्यानंतरची. सही आणि पाठ एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

कमेंटमध्ये हमखास येणारं नाव म्हणजे त्रिंदाद. चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद, 1870 साली गोव्यातल्या सांग्यात जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवलं. मोठा माणूस. पण त्या शाळेतून तशाच धाटणीचं काम करणारे किती तरी चित्रकार बाहेर पडले. धाटणीवरून शाळा कळते, हात कळत नाही. पणजीत फोंताइन्याशला फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्रिंदादांची मूळ चित्रं आहेत, ती जवळून बघून या. साडीतली मारिया असेल तर पर्वरीचं झेवियर सेंटर, म्हणजे तिथली इतिहास संशोधन संस्था गाठा, तिथे अशी मारिया रंगवणारे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांचा संग्रह आहे. आणि कृपा करून खोबरेल तेल किंवा ओलं फडकं फिरवू नका.

शेवटचा प्रश्न परदेशातल्या मुलाकडे चित्र पाठवू इच्छिणाऱ्या काकांचा. काका, 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं चित्र पुरावस्तू ठरतं. ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा आधी वय ठरवू. पाठीचे फोटो पाठवा, दिवसाउजेडी काढलेले, चारही कोपरे दिसतील असे.